पुणे न पाहता गेलेले मामा

पुण्यात चार दिवस राहून पुणे न पाहता परत गेलेला माणूस साऱ्या मुलखात एकच झाला असेल, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे. लोक पायांना फोड आणून घाट चढतात, शनवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहतात, श्रीमंतांचे हत्ती पाहतात, पर्वती चढतात, आणि गावी जाऊन सगळे दुप्पट करून सांगतात. मामा ऐन मार्गशीर्षात कोकणातून राजधानी पाहायला म्हणून आले आणि त्यांनी डोळे भरून पाहिला तो आमच्या पेठेतला पाण्याचा हौद.

कोकणातल्या माणसाला पुण्याची थंडी हा अन्याय वाटतो. मामा एकावर एक दोन धोतरे नेसत, वर आमची पासोडी घेत, आणि कानांवरून माझ्या बायकोचे जुने लुगडे गुंडाळीत. पाठीमागून पाहणाऱ्याला कोणी थोराड बाई देवाला निघाली आहे असे वाटे. त्यांना स्वतःला त्याचे काहीच वाटत नसे. जगात लाजण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कोरडी विहीर, असे त्यांचे मत होते. माझ्या लग्नाच्या वेळी स्थळ पाहायला हेच आले होते. मी दोन वेळा संथा म्हणून तयारीत बसलो होतो. त्यांनी माझी विद्या विचारली नाही, गोत्र विचारले नाही, परसात जाऊन विहिरीचा दोर हाताने मापला, "बरं आहे. पोरीचे खांदे राहतील," असे म्हणाले आणि पान न खाताच उठले.

या पाण्याच्या वेडामागे कारण होते. मामांना मूलबाळ नव्हते. घरात ते आणि मामी. घर टेकाडावर, ओढा खाली खोल. आमच्या लग्नाच्या आधीच एका पावसाळ्यात मामी भरल्या कळशीसकट त्या वाटेवर घसरल्या आणि त्यांचा गुडघा कायमचा दुखावला. मामा स्वतः कळशी घेऊन गेले, तर ओढ्यावरच्या साऱ्या बायका पदर सावरून, धुणे अर्धे टाकून उठल्या. ती वेळ बायकांची. दुसऱ्या दिवशी गावातून निरोप आला की आपण येऊ नये, आम्हांला मोकळेपणी बसता येत नाही. तेव्हा मामी पुन्हा लंगडत जाऊ लागल्या. घरामागच्या डोंगरात एक झरा होता. पोफळीचे खोड चिरून केलेल्या पन्हळींतून त्याचे पाणी दारात आणायचे मामांनी तीनदा करून पाहिले. मध्ये एक घळ होती. तिच्यावरून उंच मेढींवर टेकवलेल्या पन्हळी कधी वाऱ्याने पडत, कधी वानरांनी. पुण्याला तीन कोसांवरच्या कात्रजच्या तळ्यातून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी येते, हे त्यांना कोणा यात्रेकरूने सांगितले, आणि मामा राजधानी पाहायला निघाले.

पहिल्या दिवशी मी त्यांना शनवारवाड्यापाशी नेले. हत्ती झुलत बाहेर पडत होता, लोक बाजूला होत होते. मामा खाली वाकून विचारीत होते, "जावईबापू, आत कारंजी आहेत म्हणतात. ती उडतात कशाने?" मला ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की इतकी वर्षे पोथ्या नकलून मी काय मिळवले, असे माझे मलाच वाटले. दुसऱ्या दिवशी पर्वती. देवाला नमस्कार मात्र त्यांनी मनापासून केला. मग पुजाऱ्याला विचारले, "पूजेचं पाणी इथवर कसं येतं?" "खांद्यावरून," पुजारी म्हणाला. मामा तसेच वळले. खाली सगळे पुणे उन्हात पसरलेले होते, तिकडे त्यांनी मानसुद्धा फिरवली नाही. घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो मामा, निदान एकदा शहर नीट बघा. मामी विचारेल ना!"

"बघितलं की. दरवाजा मोठा आहे. पण ती दरवाजा काय प्यायची आहे?"

तिसऱ्या दिवशी मला त्यांनी सकाळीच हौदाशी बसवले. "तांबडं काही वाहत आलं तर सूर्य कुठे होता तेवढं लक्षात ठेवा," एवढे सांगून ते कात्रजच्या वाटेला लागले. मी पाण्यावर नजर लावून बसलो. पाणी भरायला आलेल्या बायका आधी कुजबुजल्या, मग एक धीट म्हातारी म्हणाली, "काय शास्त्रीबुवा, आज पाण्यात पोथी उमटणार आहे का?" दुपार झाली, ऊन कलले, तांबडे काही आले नाही. आले ते मामा, ओठ जांभळे झालेले, आणि सोबत भालाईत पहारेकरी.

नळातली हवा मोकळी व्हावी म्हणून वाटेवर जागोजाग विहिरीसारखी बांधकामे आहेत. त्यांना आम्ही उच्छ्वास म्हणतो. पाणी कोणत्या वेगाने जाते ते कळावे म्हणून मामांनी त्यातल्या एकात मूठमूठ आमसुले टाकली होती. पहारेकऱ्याने त्यांना लुगड्यासकट धरले.

"राजधानीच्या पान्यात काय टाकत व्हता, बोला!"

"आमसुलं."

"कशापायी?"

"तांबडी दिसतात म्हणून."

विष नाही याची खात्री पटावी म्हणून त्याने उरलेली आमसुले मामांना तिथेच खायला लावली. मामांनी तोंडही वाकडे केले नाही. वाकडे केले ते हिने. "मामा, माझी वर्षाची आमसुलं होती ती! तुम्हीच आणलीत ना!" समोरचे वैद्य ओट्यावरूनच म्हणाले, "पाहुणे पुणं बघायला आलेत, की पुण्याचं पित्त काढायला?"

हे सज्जनाचे घर आहे असे पाहून पहारेकरी निवळला. हिने त्याला गूळपाणी दिले. तो उमेदीत नळ उपसायच्या कामावर होता असे कळताच मामांनी त्याचा हात धरला आणि आपली घळ, मेढी, वानरे, सगळे सांगितले. तो हसला. "सरळ कशाला आनता? आमचं पानी बी सरळ येत न्हाई. उंची न सोडता डोंगराच्या कडंकडंनं आलंय. उतार असा, की डोळ्याला दिसत न्हाई. तुमच्या घळीला वळसा घाला की."

मामांनी बोटाने हवेत एक लांब वळसा काढून पाहिला. मग हळूच म्हणाले, "आणि मी तीन वर्षं त्याला उडी मारायला लावत होतो." चौथ्या दिवशी पहाटे त्यांनी वळकटी बांधली. लुगडेही घेऊन गेले.

त्या गोष्टीला पाच पावसाळे झाले. गेल्या महिन्यात मामा गेले. निरोप उशिरा पोचला, म्हणून आम्ही दोघे आता समाचाराला घाट उतरून गेलो. परसात गेलो तो पाणी दिसले. घळीला लांबलचक वळसा घालून, बुटक्या दगडांवर ठेवलेल्या पन्हळींतून बारीक धार येत होती आणि मागच्या दारी दगडी दोणीत पडत होती. मामी धारेखाली कळशी लावून उभ्या होत्या.

"छान केलंय मामांनी," मी म्हणालो.

"हो. गुडघा वाचला." त्यांनी दोणीत पडलेले एक पान बाजूला काढले. "पण ओढ्यावर बायका भेटायच्या हो. इथे मी एकटी. एकदा ह्यांच्यापाशी तसं बोलून गेले. तेव्हापासून मी कळशी लावली की हे इथे येऊन बसायचे. कुणाची सून रुसली, कुणाची गाय व्याली, सगळं गावातून गोळा करून आणायचे, आणि कळशी भरेपर्यंत सांगायचे. पुरुषमाणूस, पण चोख सांगायचे." त्यांनी कळशी जरा सरळ केली. "आता भरायला फार वेळ लागतो."

मी बोलका माणूस नाही, आणि त्या गावात माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. तरी दोणीजवळ बसलो आणि आमच्या समोरच्या वैद्यांच्या घरी दोन सुनांचे चुलीवरून काय झाले ते सांगू लागलो. मामी ऐकत होत्या. कळशी भरून पाणी काठावरून वाहू लागले होते. त्यांनी ती उचलली नाही.