अठरा अंशांवरच्या माश्या

ही गोष्ट बायकोला माहीत नाही, आईला नाही, आणि ज्याच्याबरोबर रोज चहा पितो त्या मित्रालाही नाही. म्हणजे — अर्धी गोष्ट मी दरवर्षी सांगतो, वर्गात, हशा घेत घेत. उरलेली अर्धी गिळून बसलोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका परीने बरंच आहे.

मी माश्या सांभाळतो. शास्त्रज्ञ आहे, पण सोसायटीत तसं सांगितलं की "कसले?" असा प्रश्न येतो आणि मग माश्यांवर यावंच लागतं. पिकलेल्या केळ्यांवर चिलटं घोंघावतात ना, त्या फळमाश्या. कोथरूडच्या आमच्या घरी ओट्यावर केळी राहिली की बायको आतून ओरडते, "अहो, तुमची मंडळी आली!" इतकी वर्षं हाच विनोद. मी हसतो. वैताग येतो, पण हसतो.

थोडं शास्त्र ऐकावं लागेल, इलाज नाही. पेशीला आतून आकार देणारे बारीक धागे असतात, मांडवाला बांबू असतात तसे. ते कुठे आणि कसे बांधले जावेत यावर देखरेख करणारी काही जनुकं असतात. त्यातलं एक आमचं. माशीच्या पाठीवर राठ, ताठ केस असतात. एकेक केस म्हणजे एकाच पेशीचा वाढलेला भाग. जनुक बिघडलं की आतल्या धाग्यांच्या जुड्या नीट बांधल्या जात नाहीत आणि केस वाकडा होतो. एवढ्यावर भागत नाही — वाढत्या अंड्याला वेढणाऱ्या पेशींचा थरही ढिला पडतो, आणि लांबट व्हायचं ते अंडं गोल राहतं. एक जनुक बिघडलं आणि केसापासून अंड्यापर्यंत सगळ्याचा आकार बदलला. सुंदर आहे की नाही? माझ्या नावावर जी काही थोडी कीर्ती आहे ती ह्याच कामाची. पण हे पहिल्यांदा मला दिसलं नव्हतं. ते वैशालीला दिसलं.

वैशाली मला तीन वर्षं ज्युनिअर. मी पीएचडीच्या पाचव्या वर्षात, ती दुसऱ्या. हडपसरहून दोन बस बदलून यायची. वडील तिकडच्या एका कारखान्यात फिटर, घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. बोलायची कमी, मोजायची फार. तिने एक दिवस प्रयोगशाळेच्या मीटिंगमध्ये सांगितलं, केस वाकडे येतायत आणि अंडी गोल. आमच्या सरांना वाटत होतं की ह्या जनुकाने काही फरक पडत नाही, आणि सरांना एकदा काही वाटलं की ते वाटणं सोडवणं अवघड. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही एकदा करून बघा. तुमचा हात बसलेला आहे."

हात बसलेला! ऐकून काय फुगलो मी तेव्हा.

आता आमच्या धंद्यातली एक युक्ती सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. माशीत त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या माश्या कुठल्या, हे एरवी वरून कळत नाही. म्हणून चांगल्या प्रतीसोबत वळलेल्या पंखांची खूण जोडून ठेवतात. पंख वळलेले, म्हणजे एक प्रत शाबूत. पंख सरळ, म्हणजे दोन्ही बिघडलेल्या. सरळ पंखवाल्या वेचायच्या आणि त्यांच्या पाठीवरचे केस बघायचे. फक्त ह्या खुणेला ऊब लागते. पंचवीस अंशांवर पंख छान वळतात. अठरावर वाढलेल्या माशीचे पुष्कळदा सरळच दिसतात. हे नव्या मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवतात. मला शिकवलं होतं. मी स्वतः वैशालीला शिकवलं होतं!

तर मी माश्यांच्या जोड्या लावल्या, आणि मामेभावाच्या लग्नाला नाशिकला निघालो. मी नसताना माश्या कोशातून बाहेर पडू नयेत म्हणून त्या ज्यात वाढतात त्या सगळ्या काचेच्या नळ्या थंड कपाटात ठेवल्या, अठरा अंशांवर. असं सगळेच करतात, थंडीत त्यांची वाढ मंदावते. कपाटाच्या दारावर कागद असतो, त्यावर नाव आणि तारीख लिहिली. परत आलो तर माश्या बाहेर पडलेल्या. मी सरळ पंखांच्या वेचल्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. बहुतेकींचे केस अगदी ताठ; थोड्यांचे वाकडे निघाले, त्या मी भेसळ म्हणून सोडून दिल्या. मला काय आनंद झाला! खरं सांगतो, तो आनंद जनुकाचा नव्हता. ती चुकली ह्याचा होता.

मीटिंगमध्ये मी सांगितलं की फरक काही नाही, वैशालीच्या नळ्यांमध्ये दुसऱ्या माश्या मिसळल्या असणार. ती एवढंच म्हणाली, "सर, मी तीनदा मोजलंय." सर म्हणाले, "अहो, तुम्ही माश्या पाळताय की नुसत्या मारताय?" सगळे हसले. मीही. कोथरूडच्या प्राध्यापकांच्या मुलाचा बसलेला हात एकीकडे, आणि हडपसरच्या फिटरची मुलगी एकीकडे — सरांनी कुणाचं ऐकलं असेल, हे तुम्हाला वेगळं सांगायला हवंय का? तिच्या सगळ्या नळ्या टाकून दिल्या, आणि तिला माश्यांचं खाणं शिजवायच्या कामावर बसवलं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, मोठ्या पातेल्यात ढवळत राहायचं. पीएचडीला आलेल्या मुलीने.

दोन आठवड्यांनी माझी पुढची पिढी पंचवीस अंशांवर वाढून बाहेर पडली. सरळ पंखांच्या वेचल्या. पाठीवरचे केस वाकडे — एकूण एक. म्हणजे आधी वेचलेल्या बहुतेक एक प्रत शाबूत असलेल्याच होत्या, थंडीने नुसते पंख सरळ राहिलेल्या. मी उठून थंड कपाटाशी गेलो. दारावरच्या कागदावर माझ्याच अक्षरात, माझंच नाव. माझ्या मागे वीस पावलांवर वैशाली पातेलं ढवळत होती. एक वाक्य बोलायचं होतं. किती वेळ लागतो एका वाक्याला?

मी तो कागद काढला, खिशात घातला आणि नवा कोरा कागद लावला.

ती आणखी चार महिने तिथे होती. चार महिने मी रोज तिने शिजवलेलं खाणं माश्यांना घातलं. ती माझ्यासाठी नळ्या भरून ठेवायची, वर कापसाचे बोळे सुद्धा नीट लावून. मग सरांनी तिच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर सही केली नाही आणि ती गेली. जाताना मला म्हणाली, "येते दादा." मी म्हणालो, "टच में रहना." मराठी माणसाला मराठी माणूस! तेवढं एक वाक्यसुद्धा मला धड बोलता आलं नाही.

ती गेल्यावर मी वाकडे केस 'शोधून काढले'. गोल अंडीही. सरांनी पाठ थोपटली. निबंध छापून आला, त्याच्यावर पुढे नोकरी लागली. निबंधाच्या शेवटी, आभारात, मी वैशालीचं नाव घातलं — 'माश्यांची निगा राखल्याबद्दल'. ते घालताना मला आपण मोठ्या मनाचे आहोत असं वाटलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

संपलं असं वाटलं ना? नाही. ह्यापेक्षा वाईट अजून राहिलंय, आणि मी मघापासून त्याच्याभोवती घिरट्या घालतोय.

आता मी स्वतः शिकवतो. दरवर्षी नव्या मुलांना पंखांची ती खूण समजावतो आणि वर गोष्ट सांगतो: एकाने नळ्या थंडीत ठेवल्या, चुकीच्या माश्या वेचल्या आणि वर दुसऱ्यालाच खोटं पाडलं. पहिल्या वर्षी 'एकाने' असंच म्हणालो. एका मुलाने डोळे मिचकावून विचारलं, "तुम्हीच ना सर?" वर्ग हसला. आणि मी, काही गरज नसताना, म्हणालो, "छे, एक मुलगी होती." पुढच्या वर्षापासून मुलगीच झाली. हशा चांगला मिळायचा. नंतर मी तिला हडपसरहून दोन बसही बदलायला लावल्या — गोष्टीत रंग भरावा म्हणून. मुलं म्हणतात, सर किती छान शिकवतात. वैताग येतो हो. कुणाचा, ते कळलंच असेल.

ह्या वर्षीही सांगितली. सगळे हसले. प्राजक्ता नावाची एक मुलगी नाही हसली. तास संपल्यावर टेबलाशी आली, हातात माश्यांची नळी.

"सर, सेम स्टोरी आम्हाला अकरावीला आमच्या मॅडमनी सांगितली होती. हडपसरला. वैशाली मॅडम."

मी टेबलावरचे कागद गोळा करू लागलो.

"फक्त त्यांच्या स्टोरीत मुलगी नव्हती. एक सीनिअर होता. नाशिकला लग्नाला गेलेला."

"नाव सांगितलं?"

"नाही ना. किती विचारलं आम्ही. म्हणाल्या, नाव काय करायचंय, आधी कपाटाचं तापमान बघायला शिका."

तिचं पातेलं त्या कपाटापासून वीसच पावलांवर असायचं. मी काढायच्या आधी तो कागद तिने वाचलेला होता. त्याचा अर्थ तिला तेव्हाच उमगला की माझा निबंध पाहिल्यावर, कोण जाणे. सांगून तिचं कुणी ऐकलं असतं? प्राजक्ता माझ्याकडे बघत उभी होती. मी तिला म्हणालो, बोळा नीट लावा, माश्या बाहेर येतील. ती गेली.

तो सीनिअर मी. नळ्या मी थंडीत ठेवल्या होत्या. वैशालीच्या माश्यांचे केस खरंच वाकडे होते.