मच्छिंद्रतात्यांची कपिली

मच्छिंद्रतात्यांना राखणीला कुत्रा हवा होता, आणि तोही असा की त्याच्या एका भुंकण्याने वाघोलीतल्या भुरट्यांची पाचावर धारण बसावी. शेत बिल्डरला दिलं, बैल विकले, आता उरला बंगला, पुढचं अंगण आणि म्हातारा-म्हातारी दोघं. मुलगा बंगळुरात. राखण करायची कुणी?

खराडीत एका कंपनीत काम करणारी जरीना सुट्टीच्या दिवशी जखमी कुत्र्यांच्या निवाऱ्यात राबायची. तिने एक तांबूस, कान फाटलेली कुत्री आणली. पंधरा दिवस ठेवून बघा, नाही जमलं तर परत नेते, असं ठरलं. तात्यांनी बाजारात बैल बघावा तशी ती बघितली. दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, चार पावलं चालवली. "अंगानं बरी हाय," म्हणाले. निवाऱ्यातलं तिचं नाव कुकी. ते तात्यांच्या जिभेला वळेना, म्हणून त्यांनी गाईला ठेवावं तसं कपिली ठेवलं.

नाव मात्र शोभलं, कारण कुत्री म्हणजे अगदी गरीब गाय. दूधवाला आला, शेपटी हलली. मीटर बघणारा आला, शेपटी हलली. दहाव्या दिवशी तर कहरच झाला. भरदुपारी कुणीतरी अंगणातली पाण्याची मोटर उचलून नेली. समोरचा दुकानदार दीनानाथ शांतपणे म्हणाला, "तात्या, मला वाटलं तुमचा पाहुणाच. कपिली त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली होती."

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिथूनच त्यांनी जरीनाला फोन लावला. "रविवारी ये आन् घेऊन जा, पोरी. ही राखण करत न्हाय, पाहुणचार करती."

हे प्रेमलाकाकूंच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, कानावर गेलं. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं, एवढंच.

आता खरी गंमत पुढेच आहे. बैल गेल्यापासून पहाटे उठून करायचं काय, हा तात्यांचा मोठा प्रश्न होता. सवय जात नव्हती आणि वैरण खायला कुणी नव्हतं. ओट्यावर नुसते बसून राहायचे. आता ते बसले की कपिली यायची आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकवून डोळे मिटायची. पायाला मुंग्या आल्या तरी तात्या पाय हलवत नसत. शुक्रवारी त्यांनी तिच्या फाटक्या कानामागे खाजवलं. काकू दारातून बघताहेत असं दिसल्यावर घाईने म्हणाले, "गोचीड बघतोय."

"सापडली का?" काकूंनी विचारलं.

जीव तर अडकला होता. पण फोन करून नेऊ नको म्हणायचं कसं? सगळ्या आळीत सांगून झालं होतं. हेकट माणसाचं हेच दुखणं असतं बघा, त्याचा रागही त्यालाच निस्तरावा लागतो. शनिवारी तात्या जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

रविवारी जरीना गाडी घेऊन आली. "काळजी करू नका काका, दुसरं घर बघितलंय. लहान मुलं आहेत, लाड होतील."

"बरं झालं," तात्या म्हणाले. खाली बसून त्यांनी स्वतः कपिलीचा पट्टा सोडला, गुंडाळला आणि खिशात घातला.

"काका, पट्टा द्या ना."

"आमच्यात जनावर देताना दावं देत न्हाईत."

खोटं नव्हतं ते. शेतकरी बैल विकतो, पण त्याचं दावं घरी ठेवतो. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. तात्यांनीही आजवर कुणाला दिलं नव्हतं.

जरीना हसली. "असू दे. गाडीत दुसरा आहे."

"त्यो बी चालत न्हाय."

"अहो, मग मी हिला नेऊ कशी?"

तात्या उठले नाहीत. कपिलीच्या पाठीवर हात तसाच होता. बैल टेम्पोत चढले तेव्हाही ज्या माणसाने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, त्याने बाहीने डोळे पुसले.

"नगं नेऊस, पोरी," ते म्हणाले. "राखण मी करीन."