मागच्या रांगेचा मॉनिटर

माझ्या नातवाच्या शाळेने मॉनिटर केवळ गुण पाहून नेमण्याचे ठरविले, तेव्हा मी मुख्याध्यापकांना तीन पत्रे पाठविली. एकाचेही उत्तर नाही! हा माझा आक्षेप आजचा नाही. निजामाचे राज्य जाऊन तीन-चार वर्षे झाली असतील. भोकरदनजवळच्या आमच्या गावी चौथीत असताना तो मी प्रथम लेखी मांडला.

आमच्या गुरुजींचा नियम होता की मॉनिटर दर सोमवारी बदलावा. प्रत्यक्षात पाळी पुढच्या दोन रांगांतच फिरत असे. मी मागच्या रांगेत बसणारा. वहीचा कागद फाडून, मागच्या रांगेलाही पाळी मिळावी, असा मी रीतसर अर्ज केला.

गुरुजींनी तो वर्गात मोठ्याने वाचला. "वकीलसाहेब, अर्ज मंजूर! सोमवारपासून तुम्हीच. पण कारभार नीट न्हाई झाला, तर पाळी परत पुढच्या रांगेला."

म्हणजे मागच्या अकरा जणांचा हक्क माझ्या एका आठवड्यावर टांगला गेला.

प्रार्थनेनंतर येणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहायचे आणि त्याने विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणायचे, असा दंडक होता. गुरुवारी प्रार्थना संपली, तरी गुरुजींचाच पत्ता नव्हता. मी खडू उचलला.

"येडा झाला का रे?" शेजारचा कुजबुजला. "समद्यांची पाळी घालवशील!"

मी लिहिले, 'गुरुजी'.

ते आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. फळा वाचून ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"मॉनिटरसाहेब, आत येऊ का?"

"या," मी कसेबसे म्हणालो.

"नाव बराबर लिहिलं. पण उशीर का झाला, हे कोण विचारणार? न विचारता शिक्षा कोणत्या कायद्यात बसते?"

मी विचारले. ओढ्यात कुणाची बैलगाडी रुतली होती. ती ढकलून ते आले होते.

"कारण मान्य," मी निवाडा दिला. "पण निम्मंच. तुम्ही एक बादली आणा. न विचारता लिहिलं म्हणून दुसरी मी आणतो."

वर्ग खदखदून हसला. गुरुजी सर्वांत जास्त. आम्ही दोघांनी पाणी आणले. बादली ठेवून त्यांनी माझ्या शेजाऱ्याकडे बोट दाखविले.

"सोमवारी तू."

"मला न्हाई जमायचं, गुरुजी. मला लिहिता कुठं येतं धड?"

"उशीर का झाला, हे विचारता येतं ना? मंग बस झालं. नाव मी स्वतः लिहीन."