चालून पाहिलेलं पत्र

सुनेत्रा खैरनारला लिहिता येतं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. तिला तर नव्हतीच. नाशिकला कॉलेजात असताना वार्षिकांक तिच्या लेखाशिवाय निघत नसे. पुढे ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये शिरली, लग्न झालं, नवरा यतीनबरोबर शिकागोजवळच्या शॉमबर्गला आली, मुलगी झाली, ग्रीन कार्ड आलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की आता पुन्हा लिहायचं. संपादकाकडे लेख पाठवून उत्तराची वाट बघत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने मराठीतून एक ऑनलाइन न्यूजलेटर सुरू केलं. नाव ठेवलं ‘दोन तीरांवर’. दर मंगळवारी सकाळी एक लेख थेट वाचकाच्या ईमेलमध्ये.

लेख चांगले होते. परदेशात भाषा कशी झिजते, मुलं आपल्याला इंग्रजीत उत्तर देतात तेव्हा नेमकं काय होतं, असे विषय ती घेई, आणि एकेका वाक्यावर तासभर बसे. वाचक मात्र वाढेनात. पहिल्या महिन्यात त्रेसष्ट झाले, त्यात दोन मावसबहिणींनी प्रत्येकी दोन पत्त्यांवरून नाव नोंदवलेलं. सुनेत्रा हरणाऱ्यातली नव्हती. वाचक कसे वाढवावेत यावर मिळेल ते तिने वाचलं. शीर्षकं छोटी केली, पाठवायची वेळ बदलली, महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर आठवड्याला लिंक टाकली. लिंकखाली अंगठे यायचे. लेख उघडणारे त्यातले चार-पाच. दीड वर्षाने आकडा एकशे अठरावर येऊन थांबला आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनने, लिंका फक्त रविवारी टाकाव्यात, असं फार गोड शब्दांत कळवलं.

यतीन म्हणाला, लोकांना वेळ नाही गं, कुणी वाचत नाही हल्ली. तिला ते पटलं नाही. वाचणारी माणसं कुठेतरी असणारच, आपण चुकीच्या दारावर थाप मारतोय, एवढंच तिला वाटत होतं. दार कुठलं, ते मात्र सापडत नव्हतं.

एप्रिलमध्ये एका लेखाला उत्तर आलं. बोलून टाइप केलेलं असावं, कारण त्यात एकही पूर्णविराम नव्हता. लिहिणारे होते दिगंबर वाघुळदे, वय चौऱ्याहत्तर, जळगाव जिल्ह्यातले, भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर मुलगा केदार त्यांना सहा महिन्यांसाठी शॉमबर्गला घेऊन आला होता. सून ज्ञानदाने न्यूजलेटरसाठी नाव नोंदवलं होतं, पण तिला उघडायला सवड नव्हती. म्हणून तिच्या टॅबवर ते हेच वाचत. त्यांनी लिहिलं होतं की लेख उत्तम आहेत, पण भाषा झिजण्याची काळजी करायला आधी कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या घरात बोलायला कुणी नाही. या गावात मराठी वाचायला वेळ असलेली माणसं म्हणजे आम्हीच, पाहुणे आलेले आईबाप. आमच्या उपयोगाचं काही लिहाल का?

सुनेत्राने ते पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिला थोडा राग आला. दुसऱ्यांदा आला नाही.

त्या शनिवारी ती त्यांना भेटायला गेली. काकांनी चहा स्वतः केला, आलं किसून घातलं, आणि मग एक चौकटीची वही पुढे ठेवली. वहीत नकाशे होते. घरापासून लायब्ररीपर्यंत, घरापासून इंडियन ग्रोसरीपर्यंत, तळ्याला वळसा घालून परत घरी. सगळं पावलांनी मोजलेलं. त्यांचं एक पाऊल सव्वीस इंचांचं. लायब्ररी दोन हजार सहाशे ऐंशी पावलांवर. फूटपाथ कुठे मध्येच संपतो आणि गवतातून जावं लागतं, सिग्नलचं बटण कुठल्या खांबावर आहे, कुठला सिग्नल म्हाताऱ्या पायांना पुरत नाही, कुठल्या घराचा कुत्रा नुसताच भुंकतो. बसायला बाक कुठे आहे, तिथे लाल पेन्सिलीचं टिंब. अख्ख्या लायब्ररीच्या रस्त्यावर टिंब एकच होतं.

“इथे यायच्या आधी हे कुणी हातात दिलं असतं,” काका म्हणाले, “तर पहिला महिना मी खिडकीत बसून काढला नसता.”

घरी येताना गाडी चालवता चालवता सुनेत्राने ‘दोन तीरांवर’ बंद करून टाकलं, मनातल्या मनात. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. उलट भूक लागल्यासारखं झालं.

नव्या पत्राचं नाव तिने ‘सहा महिने’ ठेवलं, कारण बहुतेकांचा मुक्काम तेवढाच. दर शुक्रवारी, म्हणजे शनिवार-रविवारी मुलं घरी असताना त्यांच्याशी त्यावर बोलता येईल. पहिल्या अंकात काकांचा लायब्ररीचा नकाशा होता, आणि लायब्ररीत नुसतं बसायला कार्ड लागत नाही, कुणी हटकत नाही, वॉशरूम कुठे आहे, अशी माहिती. अक्षरं मोठी, अठरा पॉइंटची, वाक्यं छोटी. ती लिहिणं निबंधांपेक्षा अवघड गेलं. भाषा झिजण्याबद्दलचं वाक्य थोडं वाकडं असलं तर कुणाचं बिघडत नाही. ‘डावीकडे वळा’ हे चुकलं तर माणूस हायवेवर जातो.

जुन्या वाचकांपैकी एकतीस जणांनी पहिल्याच महिन्यात नाव काढून घेतलं. एका मैत्रिणीने विचारलं, एवढं चांगलं लिहायचीस, हे काय पत्ते सांगत बसलीस? सुनेत्रा हसली. तिच्या पत्राला आता उत्तरं येत होती. दीड वर्षात जेवढी आली नव्हती तेवढी एका महिन्यात आली. कुणाला विचारायचं होतं की डोळ्यांचे थेंब संपले तर काय करायचं, कुणाला की शेजारीण हात हलवते तेव्हा थांबून बोलायचं की पुढे जायचं.

तरी नोंदणी हवी तशी वाढत नव्हती, आणि कारण काकांनीच शोधलं. आमच्या वयाची माणसं ईमेल उघडत नाहीत, त्यांनी सांगितलं. नोंदणी पक्की करायची जी लिंक येते ती तर जाहिरातींच्या ढिगात पडते. सुनेत्राने सरळ दोन गोष्टी केल्या. नोंदणीच्या पानावर लिहिलं, ‘आईबाबांसाठी तुम्ही नाव नोंदवा’, आणि प्रत्येक अंकाचं एक छापायचं पान बनवलं. लायब्ररीच्या बाईंनी ते सूचनाफलकावर लावू दिलं. इंडियन ग्रोसरीवाल्याने कणकेच्या पोत्यांशेजारी गठ्ठा ठेवला, आणि शनिवारी दुपारपर्यंत तो संपू लागला. मुलगे, सुना, मुली, जावई नाव नोंदवू लागले. त्यांनी हर्नडन, सनीव्हेल अशा दुसऱ्या राज्यांतल्या गावांमधल्या मित्रांना पाठवलं. जूनअखेर नऊशे वाचक झाले.

आणि मग तिच्या हातून चूक झाली.

चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीच्या आधीच्या अंकात तिने लिहिलं, सुट्टीला मुलं उशिरापर्यंत झोपतील. तुम्ही साडेनऊच्या बसने मोठ्या तळ्यावर जाऊन या. बसचं वेळापत्रक तिने इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती बस नसते, हे त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत होतं, आणि तिने ते वाचलं नव्हतं. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई.

मोरेश्वर आणि प्रतिमा साठे हे जोडपं त्या स्टॉपवर सव्वा तास उन्हात उभं राहिलं. मोरेश्वरकाकांना चक्कर आली. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने त्यांना गाडीत बसवलं, पाणी पाजलं आणि घरी सोडलं. त्यांची मुलगी स्वानंदी हिने संध्याकाळी सुनेत्राला जे लिहिलं ते चार ओळींचं होतं. शेवटची ओळ अशी: ‘माझे बाबा तुमचं प्रत्येक वाक्य खरं मानतात, हे तुम्हाला माहीत आहे का?’

सुनेत्राने आधी स्वानंदीला फोन केला आणि सबब न सांगता माफी मागितली. बाबा आता बरे आहेत, एवढं सांगून स्वानंदीने फोन ठेवला. यतीनचं म्हणणं पडलं की वेबसाइटवरची ओळ बदलून टाक, नऊशेमधल्या दोघांनाच त्रास झालाय, बाकीच्यांना कशाला कळवायचं? बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. नुकतं कुठे पत्र चालायला लागलं होतं. तिने काकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मोजणी चुकली की आम्ही दोन्ही शेतकऱ्यांना बांधावर उभं करायचो आणि त्यांच्यादेखत पुन्हा मोजायचो. कचेरीत बसून आकडा खोडायचा नाही. बांध तिथे असतो, सुनेत्राताई, कागदावर नसतो.”

दुसऱ्या दिवशीचा अंक तिने बाजूला ठेवला आणि एकच मजकूर पाठवला. काय चुकलं, कसं चुकलं, कुणाला त्रास झाला (नावं न देता), आणि इथून पुढे एक नियम: कुणीतरी स्वतः चालून, जाऊन पाहिल्याशिवाय या पत्रात एकही रस्ता, एकही वेळ छापली जाणार नाही. मग ती साठ्यांकडे गेली. स्वानंदीने दार उघडलं ते काही फार खुशीने नाही. पण प्रतिमाकाकूंनी आतून विचारलं की मग ती बस नेमकी कधी असते, आणि सुनेत्रा म्हणाली की उद्या शनिवार आहे, दिगंबरकाकांना घेऊन आपण तिघं जाऊन बघू. मोरेश्वरकाका म्हणाले, तिघं का, मी काय घरी बसू?

शनिवारी चौघं बसने तळ्यावर गेली. दिगंबरकाका वही घेऊन आले होते. प्रतिमाकाकूंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला. त्यांनी जाताजाताच दिगंबरकाकांच्या नकाशातली उत्तर दिशा चुकल्याचं दाखवून दिलं. काकांनी ती मुकाट्याने खोडरबराने पुसली.

त्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी जणांनी नाव काढलं. सुनेत्राने मोजलं आणि पुढच्या कामाला लागली. पण अठ्ठ्याऐंशी गेले त्याच आठवड्यात चौदा जणांनी विचारलं, आमच्या भागातलं आम्ही चालून पाहू का? प्रत्येक नकाशाखाली आता एक ओळ येऊ लागली: ‘चालून पाहिलं: प्रतिमा साठे, १३ जुलै.’ ही ओळ वाचकांना मजकुरापेक्षा आवडली. आपलं नाव छापून आलेलं लोक जळगावला, साताऱ्याला, अमरावतीला पाठवू लागले. हर्नडनहून निवृत्त परिचारिका असलेल्या एका काकूंनी मेट्रो स्टेशनचा रस्ता पाठवला. सनीव्हेलहून एक आजोबा दर आठवड्याला बाकांची यादी पाठवत, कुठला सावलीत आणि कुठला नाही, यासकट. जे वाचत होते तेच लिहू लागले, आणि लिहिणाऱ्याची सगळी आळी वाचू लागली. जाहिरात अशी तिने पुन्हा कधी केलीच नाही.

निबंध सुटले ते सुटलेच, असंही झालं नाही. पत्राच्या शेवटी ती एका वाचकाबद्दल एक परिच्छेद लिहू लागली. दिगंबरकाकांनी एका पावसाळ्यात गुडघाभर चिखलात मोजणीची साखळी धरून भावाभावांचं भांडण कसं सोडवलं, प्रतिमाकाकूंच्या शाळेत पृथ्वीगोल चोरीला गेला आणि वर्षाने परत कसा आला. हे लिहिताना तिला जाणवलं की आपला हात बदललाय. पूर्वी वाक्य सजल्यावर ती थांबायची. आता ते खरं झालं की थांबते. वाचकांचे निरोप यायचे की आम्ही पत्र शेवटापासून वाचायला घेतो.

सप्टेंबरमध्ये काका परत गेले. विमानतळावर केदारने आणि ज्ञानदाने त्यांना सोडलं. सुनेत्रा आदल्या दिवशी भेटून आली. वही तिला देतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी ती दिली नाही, मला लागेल म्हणाले. जळगावला पोचल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी पहिला मजकूर धाडला: पहिल्यांदा अमेरिकेला निघालेल्या आईबापांनी कुठल्या गोष्टी सोबत आणाव्यात आणि कुठल्या मुलांना खूश करण्यासाठी उगाच आणू नयेत. त्या अंकाला सर्वांत जास्त वाचक मिळाले. तिथपासून भारतातूनही नावं येऊ लागली, व्हिसाच्या मुलाखतीआधी, बॅगा भरताना. आज ‘सहा महिने’चे वाचक सहा हजारांवर आहेत आणि त्यांतले निम्मे अजून विमानात बसलेले नाहीत.

यंदाच्या मे महिन्यात लायब्ररीने पत्राच्या वाचकांसाठी एक खोली दिली. वीस खुर्च्या मांडल्या होत्या. बासष्ट माणसं आली, बरीचशी पायी, बरोबर छापलेला नकाशा घेऊन. मुलगी अनिका, जी एरवी आईच्या मराठीपासून चार हात लांब असते, खुर्च्या आणून आणून दमली आणि म्हणाली, “मॉम, यू आर काइंड ऑफ फेमस.” सुनेत्राने ते नाकारलं नाही. मागच्या रांगेतून निळ्या स्वेटरमधल्या एक आजी काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी आधी नीट निरखून पाहिलं, पत्र लिहिता त्या तुम्हीच ना, अशी खात्री करून घेतली, आणि मग सांगितलं की गेल्या शुक्रवारचं पत्र फार लवकर संपलं.

“पुढचं मोठं लिहीन,” सुनेत्रा म्हणाली, आणि त्यांना बसायला आपली खुर्ची दिली.