दोरा दातात, कविता पोटात

पार्लरवाल्या वहिनींना गल्लीतल्या बायकांचे चेहरे उलटे पाठ होते. बाई खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटून बसलेली आणि वहिनी तिच्या डोक्यामागे उभ्या. म्हणजे हनुवटी वर, कपाळ खाली. तीच बाई रस्त्यात सरळ समोर आली की वहिनींना क्षणभर वाटायचं, हिला कुठंतरी पाहिलंय.

लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं होतं, "सासरी तोंड मिटून राहा." हा उपदेश या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा वहिनींचा बेत होता. पण पुढच्या खोलीत पार्लर थाटलं, आणि भुवया कोरायच्या दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं, त्यामुळे तो आपोआप पाळला गेला. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. "एवढी शिकलेली सून, आणि लोकांच्या मिशा काढणार?" मग एका दुपारी स्वतःच दार लोटून खुर्चीत बसल्या आणि हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा एवढा काढ. आणि कुणाला बोलू नकोस." दोरा दातात असल्यानं वहिनींनी नुसती मान हलवली.

डोळे मिटले की बायका खरं बोलतात, हे वहिनींना खुर्चीमागे उभं राहून कळलं. माझं नाकच बसकं. ह्यांच्या मित्रांसमोर मी गप्पच बसते. मला मेलीला कुठं काय येतंय. यावर वहिनींना पुष्कळ सांगायचं असायचं, पण दातातल्या दोऱ्यामुळे "हं" पलीकडे काही निघायचं नाही. उरलेलं पोटात साचायचं आणि संध्याकाळी कणीक मळताना त्याची कविता व्हायची.

मागच्या वर्षी वाचनालयाच्या महिला संमेलनात त्यातली एक कविता वाचायची ठरली. पण माईकसमोर जायला वहिनी तयार होईनात, तेव्हा थोरली नणंद मदतीला धावली. वन्सं शाळेत शिकवतात, आणि पाठांतराची बक्षिसं त्यांनी कपाटात काचेमागे मांडून ठेवली आहेत. त्यांनी ती कविता अशी वाचली, की प्रत्येक ओळीला हुंदका. गमतीची कविता होती, तिचा विलाप झाला. कार्यक्रम संपल्यावर बायका वहिनींचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती सोसलंत हो." आणि त्यानंतर वहिनींच्या नवऱ्याच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात जी बाई येई, ती त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघे. एकीनं तर मिक्सर न देताच परत नेला.

यंदा वन्सं पुन्हा तयार होऊन आल्या. "कागद दे, वहिनी. मी बसवते चाल."

"यंदा मीच म्हणेन म्हणते, वन्सं."

"तू? माईक बघून बोबडी वळते तुझी."

"तूच म्हण," आतून नवरा म्हणाला. "चुकलीस तरी चालेल. मला या गल्लीत धंदा करायचाय."

वहिनी हसल्या खऱ्या, पण कागद काही वन्संच्या हाती दिला नाही. यंदाही वन्संनी वाचली, तर गल्लीला आपल्या कवितेचा आवाज हुंदक्याचाच वाटणार, कायमचा.

संमेलनाच्या दिवशी नाव पुकारलं गेलं. वहिनी माईकसमोर उभ्या राहिल्या आणि समोर बघितलं. सगळे चेहरे सुलटे. सगळ्यांचे डोळे उघडे आणि त्यांच्यावरच रोखलेले. उजवा हात सवयीनं दोरा चाचपायला लागला. पहिल्या रांगेत वन्सं खुर्चीच्या कडेला सरकल्या. आता उठतात की मग उठतात.

ते पाहिलं आणि वहिनींच्या तोंडून रोजचंच वाक्य निघालं. "मान मागे टाका. डोळे मिटा."

सांगितल्याबरोबर सभागृहातल्या बायकांनी माना मागे टाकल्या. सवय ती सवय. अध्यक्षबाईंनी तर कपाळावरचे केसही मागे सारले. वन्सं इकडेतिकडे बघत राहिल्या, पण एकटीच ताठ बसलेली बाई वेंधळी दिसते हे लक्षात आल्यावर त्यांनीही मान मागे टाकली.

पुढे सगळ्या हनुवट्या वर. आता मात्र वहिनींना एकूण एक बाई ओळखू आली. त्यांनी घसा साफ केला आणि कविता म्हटली.

"डोळ्यांत पाणी आलं, याला रडणं म्हणू नका,
भुवई कोरताना वाघिणीलाही पाणी येतं.
नाक बसकं आहे? बसू दे बिचारं,
दिवसभर उभी तर मीच असते.
खुर्ची माझी, मान माझी,
आरसा हातात आला की सांगेन मीच,
डावी नीट झाली नाही, पुन्हा करा."

वाघिणीशी पहिलं हसू फुटलं. बसक्या नाकाशी ज्यांची नाकं बसकी होती त्या सगळ्यात मोठ्यानं हसल्या, डोळे मिटूनच. शेवटची ओळ संपली तरी कुणी मान वर करेना. वहिनींच्या लक्षात आलं, मग त्या म्हणाल्या, "झालं. उठा आता."

टाळ्या वाजल्या. दाराशी उभा असलेला नवराही मान भिंतीला टेकवून, डोळे मिटून होता. "मला वाटलं सगळ्यांनाच सांगितलंय," तो नंतर म्हणाला.

वन्सं पदरानं डोळे टिपत मंचापाशी आल्या. वहिनी धसकल्या. आता काय सुधारणा सांगतात कोण जाणे.

"रडले नाही हं मी," वन्सं म्हणाल्या. मग जरा जवळ येऊन, कुणी ऐकत नाही ना ते बघत, "उद्या शाळा सुटल्यावर येऊ का गं? माझ्या भुवया कधी कुणी केल्याच नाहीत."