घोरण्याची तारीख

आमचे हे घोरतात, हे मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी कळलं. यात माझा काही दोष नाही. घरामागच्या शेडमध्ये सासऱ्यांचे सहा यंत्रमाग होते आणि ते दिवसपाळी, रात्रपाळी चालूच असायचे. त्या खडखडाटात शेजारी बसलेलं माणूस काय म्हणतंय ते ओठ बघून ओळखायचं. लग्न होऊन आले तेव्हा पंधरा दिवस मी कानात कापूस घालून वावरले. पुढे इतकी सवय झाली की वीज जाऊन माग थांबले की आम्हा दोघांनाही जाग यायची. सासरे थकले, माग विकले गेले, आणि हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले. माग टेम्पोत घालून नेले त्या रात्री मी अंथरुणावर पडले आणि वाटलं, एक माग न्यायचा राहिला वाटतं.

नुसतं घोरणं असतं तर मी ते पण पचवलं असतं. पण दीड वर्षापूर्वी ते मधेच थांबायला लागलं. आवाज चढत चढत जायचा आणि एकदम बंद. श्वासच नाही. मी मनात आकडे मोजायची. वीसपर्यंत वाट बघायची आणि मग कोपर मारायची. हे हुंदका दिल्यासारखा श्वास घ्यायचे, "झोपू दे की," म्हणायचे आणि कूस बदलून पुन्हा सुरू. सकाळी यांना काही आठवायचं नाही. उलट चहा पिताना मलाच विचारायचे, डोळे का सुजलेत? मी म्हणायची, वय झालं. मला भीती वाटायची, दुसरं काय. माझा डोळा लागला आणि नेमका तेव्हाच यांचा श्वास थांबला तर? पण असलं अभद्र तोंडातून काढू नये, असं लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून गप्प बसले.

शेवटी भांडं फुटलं ते कारखान्यात. पन्नास माग धडधडत असताना हे स्टुलावर बसल्या बसल्या झोपी गेले. मालक समोर येऊन उभा राहिला तरी पत्ता नाही. मालक भला माणूस. "लई झोपताय तुमी, एकदा दाखवून या," एवढंच म्हणाला. छातीच्या डॉक्टरांनी एका रात्रीपुरतं दवाखान्यात झोपवलं, अंगभर वायरी चिकटवल्या आणि सकाळी सांगितलं की झोपेत श्वास थांबतो, तासातासाला कितीतरी वेळा. यावर गोळी नाही. तोंडावर मास्क लावून हवा आत ढकलणारं मशीन रोज रात्री लावायचं. मशीन लवकर घ्या, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

पण आमच्या यांचं तत्त्व आडवं आलं. सहा वर्षं विम्याचा हप्ता पगारातून कापला जातोय, तेव्हा मशीन येईल तर विम्यातूनच येईल. स्वतः घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. पण एकदा यांनी तत्त्व धरलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी उपयोग नाही.

विमा कंपनीचं म्हणणं मोठं गोड होतं. खर्च मिळेल, फक्त पेशंट चोवीस तास दवाखान्यात दाखल असायला हवा. यांनी सांगितलं की तपासणी झोपेची होती, रात्री दहाला झोपलो, सहाला उठलो. ते म्हणाले, मग चोवीस तास भरत नाहीत. अहो, सलग चोवीस तास झोपायला हा माणूस काय कुंभकर्ण आहे? आणि मशीनचं विचारलं तर म्हणे, ते घरी वापरायचं आहे, घर म्हणजे दवाखाना नव्हे. तरीही हे अर्ज करत राहिले. कागद मागितला की हे न्यायचे, नेला की ते दुसरा मागायचे. अशात मार्च संपला आणि मालकाने सांगितलं की यंदापासून कारखान्याचा विमा बंद, ज्याने त्याने आपापला काढा. जुन्या कंपनीने आमचा अर्ज लगेच निकाली काढला. म्हणे तुम्ही आता आमचे ग्राहकच नाही. इतक्या महिन्यांत त्यांनी वेळेवर केलेलं हे एकच काम.

मग दुसऱ्या कंपनीचा विमा काढला, दोघांच्या नावाने. एजंट आमच्याकडे शेंगाचटणी-भाकरी खाऊन गेला आणि जाताना म्हणाला, जुनं सगळं नव्यात पुढे चालू, काळजीच सोडा. आठवड्याने चौकशीचा फोन आला. हे कामावर होते, मी घेतला. एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की हा कॉल रेकॉर्ड होतोय, आणि विचारलं, सर कधीपासून घोरतात? मी मागांची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मॅडम, मला तारीख लागेल." आता बघा, घोरण्याची कुणी तारीख लिहून ठेवतं का? शेवटी मी माग विकल्याची तारीख दिली. ती तिला पसंत पडली.

मग तिने विचारलं, श्वास थांबतो हे पाहिलं कोणी? म्हटलं, मी. तुम्ही तेव्हा जाग्या होता? म्हटलं, रोजच असते. किती दिवस झाले? म्हटलं, दीड वर्ष. तिकडे टकटक टाईप केल्याचा आवाज आला. तिने माझे आभार मानले. खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला रडू आलं. दीड वर्षात हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं, आणि तेही कुण्या कंपनीला.

पॉलिसी आली ती एका रविवारी सकाळी, लग्नाच्या अल्बमएवढी जाड. मी चटणीसाठी शेंगा सोलत बसले होते. यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. यांच्या नावापुढे लिहिलं होतं की झोपेत श्वास थांबण्याचा आजार पूर्वीपासूनचा आहे, तीन वर्षं त्याचा काही खर्च मिळणार नाही. यांनी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एजंटला फोन लावला, तो बंद. तीन वर्षं काय श्वास रोखून बसू का, असं मलाच दरडावून विचारलं. मग खालची ओळ वाचली आणि हसायला लागले.

"हे बघ, तुला पण चिकटवलंय. पत्नी, निद्रानाश, दीड वर्षापासून. यांच्या रेकॉर्डला काय अर्थ आहे का?"

मी म्हणू शकले असते की चूक झाली असेल. पण दीड वर्ष न झोपलेल्या बाईच्या अंगात तेवढा शहाणपणा उरत नाही.

"बरोबर आहे ते," मी म्हटलं. "तुमचा श्वास थांबला की आकडे मोजत असते मी. रोज."

यांचं हसू थांबलं. चष्मा काढला, परत घातला, परत काढला. मग आत जाऊन डॉक्टरांची फाईल आणली आणि शर्ट घालायला लागले. मी विचारलं, आणि विम्याचं काय?

"तू आणखी तीन वर्षं जागणार आहेस का?" एवढंच म्हणाले आणि गाडी काढून गेले.

मी शेंगांची परात बाजूला सारली आणि तिथेच फरशीवर आडवी झाले. जागी झाले तेव्हा दोन वाजून गेले होते. डोक्याखाली उशी होती. शेजारी मशीनचा खोका ठेवून हे उपाशीच बसले होते. मी घाईघाईने उठायला लागले तर हाताला धरून परत निजवलं आणि म्हणाले, "घोरतेस की गं तू. लई घोरतेस."

म्हटलं, असेल. पण कंपनीचा फोन आला तर यातलं अक्षर बोलू नका.