दोन सीटांची गाडी

चाकणच्या आमच्या वर्कशॉपमध्ये नव्या गाड्यांचे पहिले नमुने हातानं बनायचे. मी सीटची कव्हरं शिवायचे. त्या वर्षी इटालियन डिझाइनवाल्यांची एक स्पोर्ट्स कार आली. म्हणजे चित्रं आली, गाडी आम्हीच घडवायची होती. एकच. ती पसंत पडली तर पुढे कारखान्यात काढायची, असं ठरलं होतं.

गाडी इतकी बुटकी की आत बसायला कमरेत वाकावं लागे. सीटा दोनच. तपकिरी चामडं इटलीहून मोजूनमापून आलेलं, त्यामुळे चुकायची सोय नव्हती. तिकडचे एक म्हातारे कारागीर पंधरा दिवस येऊन राहिले. त्यांना मराठी येईना, मला इटालियन. माझी टीप वाकडी गेली की ते त्या जागी नखानं हलकेच टकटक करायचे. एके दिवशी त्यांनी अख्खी शिवण बोटानं चाचपली आणि नख काही वाजलं नाही. मान हलवून ते चहाला गेले. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होते.

घरी माझे वडील, अण्णा, वाट बघत असायचे. त्यांचा जन्म पिंपरीच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर गेला. आई गेल्यापासून ते पिंपळे सौदागरला माझ्याकडे राहतात. गुडघ्यांमुळे बाहेर पडणं जवळपास बंद. मी चपला काढायच्या आत ते विचारायचे, "आज कुठवर आली गाडी?"

मोबाइल गेटवरच जमा करावा लागे, त्यामुळे फोटो नाही. मी हातवारे करून सांगायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. साहेब म्हणाले होते, फॅमिली डेला गाडी उघडी ठेवू, वडिलांना जरूर आणा. अण्णांनी त्यासाठी जाण्यायेण्याची रिक्षासुद्धा सांगून ठेवली.

त्याच्या आठ दिवस आधी साहेबांनी आम्हाला गाडीभोवती बोलावलं. पैसा लावणाऱ्यांनी अंग काढून घेतलं होतं. गाडी बाजारात येणार नव्हती, आणि डिझाइन बाहेर जाऊ नये म्हणून नमुना तोडायचा होता.

पत्र्याचं काम करणारे आमचे मिस्त्री एवढंच म्हणाले, "आजच?"

"आजच."

चामडं वेगळं काढायचं होतं, म्हणून कव्हरं उसवायला मलाच बसवलं. चांगली घातलेली टीप सहजी सुटत नाही. दोनदा ब्लेड बदललं. मग पत्रा कापायचा ग्राइंडर सुरू झाला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

घरी आले. "आज कुठवर?"

"झाली पूर्ण. इटलीला गेली, अण्णा. प्रदर्शनात ठेवणारेत. फॅमिली डेला काही बघायला मिळायची नाही."

"विमानानं गेली?"

"हो."

त्यांनी कारखान्यातल्या जुन्या मित्रांना एकेक करून फोन लावला. पोरीच्या हातची सीट इटलीला गेली म्हणून सांगत राहिले. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकत होते.

काही महिन्यांनी आमचं शॉपच बंद झालं. मला बसच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं. एका संध्याकाळी आम्ही लसूण सोलत बसलो होतो. अण्णा मान वर न करता म्हणाले, "कापली ना गं ती?"

मी हातातली पाकळी खाली ठेवली.

"प्रदर्शनाला गेलेली गाडी परत येते. ती परत आल्याचं तू कधी बोललीच नाहीस. आमच्याकडंही नमुने कापायचे. तसल्या कापलेल्या एका टेम्पोचं दार मीच प्रेसवर दाबलं होतं."

"मग सगळ्यांना फोन कशाला केलेत, अण्णा?"

"तू सांगत होतीस तेव्हा तुझा चेहरा बघवत नव्हता," ते म्हणाले. "म्हटलं, खरं धरून चालू."

त्यानंतर त्यांनी माझ्या कामाबद्दल कधीच विचारलं नाही. रेक्झिनच्या सीटा असतात, सगळ्या एका मापाच्या. विचारण्यासारखं काही नाहीच. मी आले की ते टीव्हीचा आवाज थोडा कमी करतात, आणि मी हातपाय धुवायला जाते.